पुऱ्या किमतीचं बी

आमच्या आक्का काडेपेटीच्या किमतीवरूनही वाद घालतात. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या चुलत जाऊबाई. माले गावात आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तर आक्का कंडक्टरला म्हणाल्या, "मी उभी हाय. उभ्याचं अर्ध्यातलं अर्धं घ्या." सगळी गाडी हसली. आक्का हसल्या नाहीत. त्या थट्टा करत नव्हत्या.

भाताच्या बियाला मात्र त्या कधी घासाघीस करत नाहीत. म्हणतात, "बियाला कमी दिलं की ते उगवताना हात आखडतं."

खरं तर आक्कांना आता रान नाही. भाऊजी गेल्यावर मुलांनी ओढ्याकडचं दीड एकर विकलं. आक्कांनी अंगठा दिला. तिथं आता पुण्याच्या लोकांचा बंगला आहे. तरी दर वर्षी त्या पौडहून सुधारित भाताची एक पिशवी आणतात आणि माझ्या ओट्यावर ठेवतात. "चुकून जास्त आलं गं. तू पेर." मी घरचंच बी धरून बसते, विकतच्या बियाला पैसे घालायला भिते, म्हणून आणत असतील, असं मला वाटायचं.

औंदा मी बरोबर गेले. दुकानात रांग होती. दुकानदार म्हणाला, "आज्जी, सातबारा दावा, निम्म्यात मिळंल. सरकारची सवलत हाय."

"सवलत नको. पुरी किंमत घ्या."

मागून एक जण बोलला, "आज्जीनं बंगला बांधला वाटतं!"

आक्कांनी मागं पाहिलं नाही.

दुकानदारानं विचारलं, "किती रान?"

"दीड एकर. वढ्याकडचं. पानी ऱ्हातं तितं."

"मग ह्येच न्या. पाण्यात लोळत न्हाई."

"वरच्या खाचरात यील का?"

"यील की. पर खालचं आदी लावा."

आक्का मान डोलावत ऐकत होत्या. त्यांचा असा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

माझ्या कापडी पिशवीत माझा सातबारा होता. निम्मे पैसे वाचले असते. मी पिशवीचं तोंड मुठीत घट्ट धरलं.

येताना आक्कांनी बी मांडीवर घेतलं. कंडक्टरला काही न बोलता पैसे दिले. गाव जवळ आल्यावर म्हणाल्या, "चुकून जास्त झालं बग. तू पेर."

मला चटकन बोलायला जमत नाही. तरी म्हटलं, "आक्का, कुटल्या खाचरात टाकायचं ते औंदा तुमी सांगा."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. ओढ्याकडचा तो बंगला मागं गेला.

"सांगीन," त्या म्हणाल्या. "पर बी भिजत मीच घालनार."