मापारीण माशी आणि ठकूमावशीचं अडकलेलं डोकं

एका जंगलात, मुलांनो, मधमाश्यांची एक पेटी होती. जंगल कुठलं ते विचारू नका. पत्ता कळला की तिथे रस्ता होईल, मग जंगल उरणार नाही आणि माझी गोष्टही उरणार नाही.

पेटी लाकडाची होती. आत आठ चौकटी उभ्या लावलेल्या, दप्तरात पाट्या ठेवतात तशा. प्रत्येक चौकटीत तारा ताणलेल्या, तारांवर मेणाचा पातळ पत्रा बसवलेला, आणि पत्र्यावर माश्यांनी बांधलेल्या सहा कोनांच्या खोल्याच खोल्या. खोलीत राणीने अंडं घालायचं आणि तीन आठवड्यांनी तिथून माशी निघायची. तुम्ही वर्गातून निघता तशीच. फरक एवढाच, की माशी निघाली की कामाला लागते.

ही सगळी मांडणी खवलेतात्यांनी करून दिली होती. खवलेतात्या म्हणजे खवल्या मांजर. अंगभर खवले असल्यामुळे माशी डसली तर तिचाच काटा वाकायचा. बोलणं थोडं, नखं लांब. दरवर्षी ते सोड्याचं पातेलं घेऊन पेटीच्या दाराशी यायचे आणि म्हणायचे, चौकटी काळ्या पडल्यात, खरवडून देतो, सोड्याच्या पाण्यात उकळून देतो, नवे पत्रे लावतो, फार काम नाही. दरवर्षी दारावरच्या माश्या सांगायच्या, राणीसरकार विश्रांती घेताहेत, पुढच्या वर्षी बघू. तात्या पातेलं उचलून परत जायचे. अशी सात वर्षं गेली.

आता चौकटी काळ्या कशाने पडल्या, ते ऐका. माशीचं पिल्लू खोलीत वाढताना अंगाभोवती रेशमाचं झबलं विणतं. माशी होऊन बाहेर पडताना झबलं तिथेच टाकतं, ते भिंतीला चिकटतं. दुसऱ्या पिल्लाचं झबलं त्याच्यावर. तिसऱ्याचं त्याच्यावर. सात वर्षांत पिवळीधमक खोली डांबरासारखी झाली. पण माश्यांना ती काळी दिसेचना. त्या म्हणायच्या, ही आमच्या पूर्वजांची झबली, यांना नख लावू देणार नाही.

म्हणून त्या घाणेरड्या होत्या असं समजू नका. उलट त्या पेटीत वर्षाला बावन्न स्वच्छता सप्ताह व्हायचे. दर खोली दिवसातून तीनदा चाटूनपुसून काढायची, मगच राणीने अंडं घालायचं. झबली निघत नव्हती, पण अशी चकाकायची की त्यात तोंड बघून घ्यावं.

या पेटीत एक दिवस ठकूमावशी आली. ती आंब्याच्या ढोलीतली माशी, वाऱ्यात वाट चुकलेली. पोट मकरंदाने भरलेलं होतं म्हणून पहारेकरणींनी आत घेतली. रिकाम्या पोटी आली असती तर तिचं नाव-गाव विचारलं असतं. (मधमाशी दीड महिना जगते, असं एखादा हुशार मुलगा आता म्हणेल. पुस्तकातली जगते बाळ दीड महिना. गोष्टीतली माशी गोष्ट संपेपर्यंत जगते. पुस्तक मीट.)

मावशीला खोल्या साफ करायचं काम मिळालं. तिने पहिल्याच खोलीत डोकं घातलं आणि ते तिथेच अडकलं.

चार जणींनी पाय धरून ओढलं तेव्हा डोकं सुटलं. मावशी खाली बसली, मिशा सारख्या केल्या आणि म्हणाली, "बायांनो, तुमच्या खोल्या लहान झाल्यात."

पेटीतल्या सगळ्या माश्या गोळा झाल्या. मग एकदम गलका झाला. खोल्या लहान कशा होतील, भिंती का चालत येतात, हीच जाड आहे, ढोलीत वाढलेल्यांना खाण्यावर ताबा नसतो. मावशीने सांगून पाहिलं, की प्रत्येक पिल्लू झबलं सोडून जातं, प्रत्येक झबल्याने खोली केसभर आवळते, आणि आवळलेल्या खोलीत वाढलेलं पिल्लू केसभर लहान होतं. तुमच्याकडे बघा, म्हणाली, तुम्ही माझ्या निम्म्या आहात.

कोणाला निम्मं म्हणणं फार वाईट असतं, मुलांनो. विशेषतः ते खरं असेल तर.

प्रकरण समितीकडे गेलं. समिती नरांची होती, कारण पेटीत रिकामा वेळ फक्त नरांनाच असतो. अध्यक्ष होते दाजीसाहेब. मध खायचा, ऊन कोवळं असेल तर एक फेरी मारायची आणि उरलेला दिवस पेटीच्या परंपरेची काळजी करायची, असा त्यांचा दिनक्रम. त्यांनी लगेच मापारणीला बोलावलं.

मापारीण म्हणजे मापाची माशी. पेटीत काहीही मोजायचं तर तिच्या अंगाने मोजायचं. माप बदलू नये म्हणून तिला काम नसे, खाणंही बेतानं. ती म्हातारी झाली की दुसरी निवडायची. निवड कशी, तर जी खोलीत नेमकी बसेल ती मापारीण. आणि खोली बरोबर आहे की नाही, हे ठरवायचं कसं, तर मापारीण तिच्यात नेमकी बसते का ते बघून. हसू नका. शहाण्यासुरत्यांनी ठरवलेली पद्धत आहे ही.

मापारीण खोलीत शिरली. नेमकी बसली.

"बरोबर आहे," आतून आवाज आला.

दाजीसाहेबांनी मान डोलावली. मावशी पुढे झाली आणि तिने मापारणीला विचारलं, "बये, तुझा जन्म कुठला?"

"याच पेटीतला. तिसरी चौकट."

"आणि तुझ्या आधीची मापारीण तुझ्याएवढीच होती?"

"थोडी मोठी होती म्हणतात. पण ती म्हातारी होती ना मावशी. म्हातारपणी अंग सुटतं."

हे उत्तर सगळ्यांना इतकं पटलं की पुढे कोणी काही विचारलंच नाही. समितीने निकाल दिला: खोल्या मापात आहेत, ठकूमावशी वाढीव आहे. तिने उपास करून खोलीत मावून दाखवावं. डोंगरावरची कारवी फुलून तिचा बहर संपेपर्यंत मुदत. तोवर मावली नाही, तर दाराबाहेर.

एकट्या माशीला दाराबाहेर काढणं म्हणजे काय, ते सांगत नाही. तुम्हाला अजून जेवायचंय.

मावशीचा आहार ठरला. सकाळी परागाचा एक कण, संध्याकाळी त्याची आठवण.

आणि कारवी फुलली. ही कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते. डोंगराचा उतारच्या उतार जांभळा होतो. गेल्या वेळी फुलली तेव्हा पेटीतल्या चौकटी नव्या होत्या, आणि त्या वर्षी इतका मध आला होता की चौकटी उचलताना खवलेतात्यांची कंबर धरली होती. आता तर पावसाळाभर बसून खाऊन पेटी रिकामी झालेली. दोन चौकटींच्या कोपऱ्यात काय तो मध उरलेला. माश्या वाजतगाजत डोंगरावर गेल्या.

संध्याकाळी सगळ्या रिकाम्या पोटी परत आल्या.

फूल तेच, वास तोच, मकरंदही आत दिसत होता. पण जीभ पोचत नव्हती. लहान माशीची जीभही लहानच असणार. समिती पुन्हा बसली. मापारणीला डोंगरावर नेऊन फुलात उतरवलं. तिने वर येऊन सांगितलं, की कारवी दुपटीने खोल झाली आहे. दाजीसाहेब म्हणाले, सात वर्षं आराम केल्यावर दुसरं काय होणार. त्यांनी कारवीला नोटीस काढली, की आठ दिवसांत खोली कमी करावी. एका माशीने ती डोंगरावर जाऊन वाचून दाखवली. तेवढ्यात वारा आला, कारवी हलली. कारवीने मान डोलावली, अशी नोंद झाली.

ठकूमावशी मात्र रोज सकाळी उपाशी जायची, पोट भरून यायची आणि सगळं पेटीत ओतायची. पण एका माशीच्या पोटावर पेटी किती दिवस जगणार? राणीने अंडी घालणं कमी केलं. माश्या सावकाश चालू लागल्या. चाटणं मात्र दिवसातून तीनदा चालूच होतं.

मावशी एका दुपारी खवलेतात्यांकडे गेली. तात्या आपल्या बिळाशी पातेलं पालथं घालून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की खरवडायला मी तयार आहे, पण माश्यांची मर्जी नसताना चौकटीला हात लावला तर अख्खी पेटी रुसून उडून जाईल. आधी त्यांना राजी कर.

"खरं सांगून पाहिलं तात्या. तेव्हापासून उपाशी आहे."

"मग खरं सोडून दुसरं काहीतरी सांग," तात्या म्हणाले आणि अंगाचं गाठोडं करून झोपले.

मावशी परत आली ती थेट दाजीसाहेबांपुढे. उपासाने ती निम्मी झाली होती, पण निम्मी मावशी म्हणजे तिथली अख्खी माशी. तिने अगदी हळू विचारलं, "दाजीसाहेब, पेटीतला मध संपत आला की माश्या आधी कोणाला बाहेर काढतात हो?"

दाजीसाहेबांचा घास तोंडातच राहिला. उत्तर पेटीतल्या अंड्यालाही माहीत होतं. मध संपत आला की आधी नर दाराबाहेर जातात, समितीसकट.

"कोणी काही बोललं का?" त्यांनी विचारलं.

"छे. नुसत्या बघतात तुमच्याकडे."

मग मावशीने आपलं म्हणणं मांडलं. खरवडण्याचा शब्दही काढला नाही. ती म्हणाली, आपल्या पूर्वजांची झबली हजारो खोल्यांत विखुरलेली आहेत, हे काही बरं नाही. सगळी एकत्र करून त्यांचं स्मारक बांधावं. आणि ज्या चौकटींनी सात वर्षं ती सांभाळली, त्यांना गरम पाण्याने अभ्यंगस्नान घालावं.

दाजीसाहेबांचे डोळे पाणावले. नराच्या मोठ्या डोळ्यांत फार पाणी मावतं. खरवडायला जी पेटी सात वर्षं तयार नव्हती, ती अभ्यंगस्नानाला एका दुपारी तयार झाली. राणीसरकारांनीही विश्रांती घेता घेता होकार दिला.

खवलेतात्या पातेलं घेऊन आले. पिल्लं निघून गेली की चौकट रिकामी व्हायची, तशा दोन-दोन चौकटी काढल्या. काळं पोळं नखाने खरवडून वेगळं केलं. ते कापडात बांधून गरम पाण्यात दाबलं, तेव्हा पिवळं मेण वर तरंगलं आणि झबल्यांचा काळा चोथा कापडात राहिला. लाकडं सोड्याच्या पाण्यात उकळली, ब्रशने घासली, उन्हात वाळवली. तारा पुन्हा ताणल्या. त्याच जुन्या मेणाचे पत्रे ओतून, त्यांवर सहा कोनांचे ठसे उठवून ते तारांवर बसवले. माश्या बाहेर बसून मंगलाष्टकं म्हणत होत्या. मंगलाष्टकांचा इथे संबंध काय, असं कोणी विचारलं नाही. चोथ्याचा गोळा दारासमोरच्या दगडावर ठेवला आणि दाजीसाहेबांनी भाषण केलं. ते अजून चालू असेल.

नव्या पत्र्यांवर नव्या खोल्या झाल्या. राणीने अंडी घातली. तीन आठवड्यांनी माश्या निघाल्या त्या चांगल्या दणकट, मावशीच्या अंगापिंडाच्या. कारवी शेवटच्या बहरात होती. त्या डोंगरावर गेल्या, फुलाच्या तळापर्यंत जीभ घातली आणि भरून आल्या. आठवड्याभरात चौकटी जड झाल्या.

कारवी सुकली. मावशीची मुदत संपली. समिती बसली.

आधी मापारणीने नव्या खोलीचं माप घेतलं. ती आत शिरली, वळली, पुन्हा वळली आणि तोंड बाहेर काढून म्हणाली, "सैल आहे." समितीत कुजबुज झाली. खोल्या चुकल्या म्हणावं, तर सगळ्या नव्या माश्या वाढीव ठरत होत्या, आणि त्या आता संख्येने जास्त होत्या. दाजीसाहेबांनी विचार केला आणि मापारणीला निवृत्त केलं. नव्या माश्यांतून जी खोलीत नेमकी बसली, तिला नवी मापारीण नेमलं. तिने माप घेतलं.

"बरोबर आहे."

मग ठकूमावशीला पुढे बोलावलं. सगळी पेटी बघत होती. मावशीने खोलीत डोकं घातलं. डोकं गेलं, खांदे गेले, पोटही गेलं. ती आत जाऊन सुखरूप बाहेर आली.

दाजीसाहेब उठून उभे राहिले. "पाहा," ते म्हणाले, "समितीच्या आहाराने मावशी बारीक झाली."

टाळ्यांनी पेटी हलली. मावशी निर्दोष सुटली. तिचा आहार लगेच सगळ्या पेटीला लागू झाला, नर सोडून. मावशीने बोलायला तोंड उघडलं होतं, पण कोणीतरी त्यात मधाचा थेंब घातला. ताजा, कारवीचा. तो गिळून होईपर्यंत सभा संपली होती.

पुढच्या वर्षी खवलेतात्या पातेलं घेऊन आले. पहारेकरणींनी सांगितलं, की या ठकूमावशींच्या ऐतिहासिक चौकटी आहेत, यांना नख लावू देणार नाही. तात्यांनी आत वाकून मावशीकडे बघितलं. मावशी नेमकी तेव्हा दुसरीकडे बघत होती. तात्या गेले.

अशी आणखी चार वर्षं गेली. एका सकाळी मावशी नेहमीप्रमाणे खोल्या पुसत होती. तिने एका खोलीत डोकं घातलं आणि ते जरासं अडकलं.

 मग कोणाला कळणार नाही अशा बेताने तिने डोकं सोडवून घेतलं. आजूबाजूला बघितलं. कोणी पाहिलं नव्हतं. तिने भिंतीचं झबलं नीट चाटून चकचकीत केलं.

आणि त्या दिवसापासून ती जेवण कमी करू लागली.

तात्पर्य: मुलांनो, घर लहान होतंय असं वाटलं तर घर खरवडत बसू नये, दोन घास कमी खावेत. मोजायला कायम घरातलंच माणूस ठेवावं. आणि दाराशी कोणी पातेलं घेऊन आलंच, तर त्याला चहा द्यावा आणि पुढच्या वर्षी बोलवावं.