अप्पांचं ओलं फडकं

सिद्रामप्पांच्या घरी कुणी गेलं, की "या, बसा" म्हणायच्या आधी ते "हलू नका की!" म्हणत. मग हातातल्या मोठ्या कंपासानं पाहुण्याचं कानापासून नाकापर्यंतचं अंतर मोजलं जाई आणि त्यानंतर चहा. एकदा पोस्टमनला त्यांनी पाऊण तास दारात उभं केलं. "काय कपाळ हाय!" म्हणे. अहो, पण बाकीच्या गल्लीच्या टपालाचं काय?

अप्पा मूर्तिकार. माढ्याकडच्या एका घराण्यानं त्यांच्याकडून आपल्या आबांचा अर्धपुतळा करून घेतला. बघायला आलेला थोरला मुलगा गोरामोरा झाला. "आबा हसत्यात कशाला? आबा कदी हसलेच न्हाईत."

"म्हणून तर," अप्पा म्हणाले. "आता तरी हसू द्या की त्यास्नी."

मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण त्यांच्याकडं मूर्तिकाम शिकायला जायचो. पहिला महिनाभर मातीला हात लावायची बंदी, नुसती पायानं तुडवायची. मी दोन परीक्षा पास झालेला माणूस आणि चिखल तुडवतोय! कुरकुर केली की लगेच, "सुम्ने तुडवा की!" सुम्ने म्हणजे कानडीत गुमान. पण खरं सांगतो, पुढं त्यांनी डोळे मिटून स्वतःचंच तोंड चाचपायला लावलं, तेव्हा चाळिशीत मला पहिल्यांदा कळलं, की माझी हनुवटी थेट आईची आहे.

त्यांचं एकच खूळ मला सोसवत नसे. कोपऱ्यात तिवईवर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं एक डोकं होतं. माती वाळून तडकू नये म्हणून अप्पा त्यावर दोन्ही वेळा पाणी शिंपडत. बहात्तरच्या दुष्काळात गल्लीत घागरीवरून भांडणं चाललेली, तेव्हाही हे गृहस्थ स्वतःची आंघोळ टाळून मातीला पाणी पाजत होते. त्यापायी आठ वर्षांत एक रात्र म्हणून गावाबाहेर राहिले नाहीत. "प्लास्टरमध्ये ओतून मोकळे व्हा ना," मी म्हणायचो. "पुरं झालं न्हाई अजून," एवढंच उत्तर. फडकं मात्र कुणासमोर काढत नसत.

दुष्काळ सरल्यावर एका उन्हाळ्यात त्यांना कार्ड आलं. चष्मा सापडेना म्हणून मीच वाचून दाखवलं. लेकीचं, महादेवीचं होतं. तिनं एका तेलुगू विणकराच्या पोराशी लग्न केलं, अप्पांनी दार लावून घेतलं आणि ती नवऱ्याबरोबर भिवंडीला गेली, एवढं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. कार्डात लिहिलं होतं, "मला मुलगी झाली. रविवारी बारसं आहे. अप्पा, तुम्ही यायचंच."

अप्पांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाले, "जमायचं न्हाई. माती वाळंल."

माझं डोकंच फिरलं. "मातीचे एवढे लाड, आणि पोटच्या पोरीचं काहीच नाही?" असं म्हणत मी सरळ जाऊन फडकं ओढलं.

खाली महादेवी होती. पण घर सोडून गेली ती एकोणीस वर्षांची पोर नव्हे. गाल भरलेले, नजर शांत, चांगली सत्तावीस वर्षांची बाई.

"दर दिवाळीला एक वरीस वाढवतो," अप्पा खाली बघत म्हणाले. "आता कशी दिसत असंल, अंदाजानं."

मला फार लाज वाटली. "पाणी मी घालतो, अप्पा," मी म्हणालो. "तुम्ही जा की."

शनिवारी त्यांना गाडीत बसवून दिलं. पुढचे चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्या मातीवर पाणी शिंपडलं. उन्हाची एवढी धास्ती, की मधल्या सुट्टीतसुद्धा सायकल हाणत गेलो.

बुधवारी अप्पा परतले. खांद्यावरची पिशवी खाली न ठेवताच त्यांनी फडकं काढलं, बराच वेळ बघितलं आणि अंगठ्यानं दोन्ही गालांवरची माती काढू लागले.

"लई चुकलो हो, मास्तर. रोड झालीया पोरगी."

माती काढता काढता ते पुढं म्हणाले, "दारात मला बघितलं आन म्हणती कशी, 'हलू नका, अप्पा.' मग दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपत बसली."

त्यांनी हात धुतले, चष्मा पुसला.

"उद्या प्लास्टर घेऊन या," म्हणाले. "झालं हे पुरं."