हबीब सरांची शेवटची परवानगी

मुदखेडला हबीब सरांच्या दारावर जी पाटी आहे, ती वाचून होईपर्यंत दार उघडलेलं असतं. बी.एड., एम.ए. मराठी, एम.ए. इतिहास, एम.एड., मग दोन पदविका, त्याखाली तीन प्रमाणपत्रं. पेंटरने पदव्या आधी रंगवल्या आणि नावाला जागाच उरली नाही. शेवटी नाव कोपऱ्यात, दूधवाल्याला निरोप लिहावा तेवढ्या अक्षरांत आलं. सरांना त्याचं काहीच वाटलं नाही. म्हणाले, ‘‘नाव काय, बापानं ठेवलेलं हाय. पदव्या मी मिळवल्या, म्याडम.’’

मी नांदेडहून त्यांच्याच शाळेवर जाऊन-येऊन नोकरी करते. रुजू झाले त्या दिवशी सगळ्यांनी माझं गाव विचारलं, सासर विचारलं, मुलं किती ते विचारलं. हबीब सरांनी विचारलं, ‘‘सध्या काय शिकून राहिले?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही, शिकवते.’’ त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी डबा न आणताच आले आहे आणि आता मला त्यांच्यातली अर्धी भाकरी द्यावी लागणार.

नोकरीतल्या शिक्षकाला पुढचं शिकायचं तर आधी कार्यालयाची परवानगी लागते आणि पास झालं की सेवापुस्तकात नोंद करून घ्यावी लागते. आम्ही बाकीचे या कटकटीला भिऊन शिकत नाही. सर त्या कटकटीसाठीच शिकतात, असं मला बरीच वर्षं वाटायचं. ‘‘याचा फायदा काय, सर?’’ असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘‘नोंद होते!’’ कारकुनाने त्यांच्या सेवापुस्तकाला जादा पानं चिकटवली होती. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी सहज त्यांचं शिक्षण विचारलं, तर सर अदबीने म्हणाले, ‘‘साहेब, आधी चहा घ्या. मग बसून सांगतो.’’

बरं, शिकलेलं वाया जाऊ द्यायचं नाही. समुपदेशनाची पदविका केली त्या वर्षी शाळेत कोणाला साधी जांभई द्यायची सोय नव्हती. सर लगेच खुर्ची ओढून जवळ. ‘‘आतून कसं वाटून राहिलं?’’ मुख्याध्यापकांना तर त्यांनी खिचडीचा तांदूळ मोजताना गाठलं. ते वैतागून म्हणाले, ‘‘आतून घरी जावं वाटून राहिलं.’’ सरांनी तेही वहीत लिहून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी शालेय व्यवस्थापनाच्या पदविकेसाठी सर परवानगी मागायला गेले, तेव्हा कारकुनाने हात जोडले. ‘‘सर, ही शेवटची. तुमच्या रिटायरमेंटला दिवस किती राहिले? यापुढं तुमचा अर्ज काही वर जायचा न्हाई.’’

 आठवडाभराने एका सकाळी सर माझ्याही नावाचा अर्ज लिहूनच घेऊन आले. फक्त माझी सही बाकी होती. नको नको म्हणत मी ती केली. स्टाफरूममध्ये थट्टा सुरू झाली, ‘‘ही शेवटची, सर. आता पुढं काय करणार?’’ सर हसायचे. 

संपर्क सत्रं म्हणजे दर रविवारी नांदेडच्या कॉलेजात भरणारे तास. नावं तीस जणांची, येणारे सात-आठ. सर मुदखेडहून सकाळच्या गाडीने यायचे. इस्त्रीचा शर्ट, कानात अत्तराचा फाया, आणि सगळ्यांना पुरेल इतकी स्वतः रांधलेली खिचडी, सोबत चिंचेचा खट्टा. आम्ही दोघं मागच्या बाकावर. दोन वाजता तास संपायचा आणि माझा जीव घरच्या धुण्यात अडकलेला असायचा. नेमकं तेव्हाच सर हात वर करायचे, ‘‘एक शंका हाय.’’ तिचं निरसन झालं की दुसरी. मी मनातून अशी चडफडायचे, की आता ते सांगायलाही नको वाटतं.

परीक्षेची तयारी सरांनीच आमच्याकडून करून घेतली. शेवटचा पेपर शाळेच्या दप्तराचा, म्हणजे हजेरीपासून सेवापुस्तकापर्यंत सगळ्या नोंदींचा. सरांचा हातखंडा विषय. गेटवर उभं राहून त्यांनी आम्हाला सहा प्रश्न सांगितले, त्यांतले पाच आले.

माझा नंबर त्यांच्या शेजारच्या रांगेत होता. पंधरा मिनिटांनी मान वर केली तर सरांच्या पेनाचं टोपण लावलेलं. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक, बाकी कोरी. मला वाटलं, शुगर कमी झाली. मी खुणेने विचारलं. त्यांनी खुणेनेच सांगितलं, तुम्ही लिहा. अर्ध्या तासाआधी बाहेर सोडत नाहीत. तो झाला तसे ते उत्तरपत्रिका देऊन निघून गेले.

पेपर सुटला तेव्हा सर समोरच्या चहाच्या गाड्यापाशी माझी वाट पाहत उभे होते.

‘‘हे काय केलंत, सर? नापास व्हाल ना!’’

‘‘व्हायलाच पायजे. पास झालो की इथलं नाव कमी होतं.’’ त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. ‘‘रिटायर झाल्यावर अशा कोर्सला नव्यानं घेत न्हाईत, पण राहिलेल्या पेपराला नवी परवानगी लागत न्हाई. मी विचारून आलोय. पुन्हा नाव घालायचं अन् नव्या ब्याचसंगं तासाला बसायचं.’’

मी कप हातात घेतला.

‘‘फरीदा, माझी घरवाली, गेली त्याला दहा वर्षं झाले,’’ ते म्हणाले. ‘‘लेक निलंग्याला. तिचं सासर हाय, लेकरं हायत, तिनं तरी किती यावं? शाळा हाय म्हणून सहा दिवस निघून जातात, म्याडम. रविवार जात न्हाई. सकाळी उठलं की बोलावं कोणाशी? अन् आता ह्या उन्हाळ्यात रिटायर होतो, शाळा बी सुटून राहिली.’’

पाटीवरच्या बहुतेक पदव्या याच दहा वर्षांतल्या होत्या. स्टाफरूममध्ये त्यांवर मीही सगळ्यांच्या बरोबरीने हसले होते. मला फार वाईट वाटलं.

महिन्याभराने निकाल लागला. ‘‘एवढ्या पदव्यांचा माणूस, अन् नोंदींच्या पेपरात गेला!’’ म्हणून शाळेत हसून हसून पुरेवाट झाली. सर सगळ्यांत मोठ्याने हसले. मी पास झाले म्हणून पेढेही त्यांनीच वाटले. संध्याकाळी ते मला स्टेशनपर्यंत सोडायला आले.

‘‘चांगले मार्क पडले तुम्हाला,’’ फलाटावर ते म्हणाले. मग दुसरीकडे बघत, ‘‘एखादा पेपर तुमचा बी राहिला असता तर...’’

‘‘तर काय, सर?’’

‘‘काही न्हाई. गाडी आली बघा तुमची.’’

गाडीला अजून वीस मिनिटं होती. ती वीस मिनिटं आम्ही शेजारी शेजारी बसून काढली, आणि ‘रविवारी आमच्याकडे जेवायला या’ हे एवढंसं वाक्य मला गाडी सुटल्यावर सुचलं.