मेंढरू उसात शिरलं

आमच्या निमगाव केतकीत बाजाराच्या दिवशी लाउडस्पीकरची रिक्षा फिरते. साड्यांचा सेल असो नाहीतर जनावरांच्या लसीचं शिबिर, रिक्षात बसलेला शिमोन साळवे ते रॅप करून सांगतो आणि शेवटी न चुकता "हालेलुया!" ठोकून देतो. साडीवाला एकदा वैतागला, "अरं बाबा, माझ्या सेलमधी हालेलुया कुठनं आलं?" शिमोन म्हणाला, "ते एकावर एक फ्री हाय शेठ."

हा शिमोन माझा भिंतीला भिंत शेजारी. ख्रिस्ती रॅपर आहे. म्हणजे काय, ते मलाही कळत नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "काकी, कीर्तनच हाय, फकस्त बुवांना घाई हाय."

गप्प बसणं त्याला माहीतच नाही. मी कणीक मळायला घेतली की हा ओट्यावर बोटं आपटणार. मूठभर मिरच्या दिल्या तर मिरचीवर चार ओळी. डोक्यावर उलटी टोपी, गळ्यात वीतभर क्रूस आणि भर मे महिन्यात अंगात हुडी. "अरे, उकडत नाही का?" "उकडतंय की! पर रॅपरचा घाम दिसला पायजे, काकी."

एवढं बोलणारा पोरगा, पण घरात त्याच्याशी बोलायला कुणी नव्हतं. आई लहानपणीच गेली. उरले वडील, तात्या. त्यांनी जन्मभर चर्चमध्ये ढोलकी वाजवली, भजनं म्हटली. एका नाताळात शिमोननं उपासनेत तात्यांचं आवडतं भजनच रॅप करून म्हटलं. तात्यांनी ढोलकी खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "देवाचा लिलाव मांडलाय का रं?" त्या दिवसापासून बापलेकाचं बोलणं बंद.

बंद म्हणजे माझ्यामार्फत चालू! मी धुणं वाळत घालत असले की तात्या अंगणातून म्हणणार, "सुमन, त्याला सांग, मोटर बंद कर." तो तिथंच, हातभर अंतरावर उभा. मी भिंतीवरून सांगायचं, "शिमोन, मोटर बंद कर." त्यानं मला सांगायचं, "काकी, तात्यांना सांगा, केली." दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालावासा वाटायचा.

शिमोनची गाणी मोबाइलवर पसरली. पुण्याहून, नगरहून बोलावणी यायला लागली. प्रत्येक बातमी तो मला अंगणात येऊन सांगायचा, जरा मोठ्यानंच, आत ऐकू जावी म्हणून. आतून खोकल्याशिवाय काही यायचं नाही. एकदा म्हणाला, "काकी, एवढी माणसं ऐकत्यात मला. तात्या तेवढं न्हाय." पहिल्यांदाच तो थट्टा न करता बोलला.

मग बारामतीत रॅपची स्पर्धा ठरली आणि मी चंगच बांधला. तात्यांना म्हटलं, "डोळे दाखवायला बारामतीला चला, मी येते सोबत." दवाखान्यातून त्यांना थेट मैदानात नेऊन बसवलं. तात्यांनी बहुतेक आधीच ओळखलं असावं. नाहीतर डोळे दाखवायला नाताळचा कोट कशाला घालायचा?

बाकीच्या पोरांनी गाड्या, पिस्तुलं, भाईगिरी असलं काय काय म्हटलं. शिमोननं बायबलातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट घेतली: शंभरातलं एक हरवतं आणि धनी ते शोधून, खांद्यावर घेऊन घरी आणतो. फक्त त्याचं मेंढरू बारामतीजवळच्या सांगवीच्या उसात शिरलं होतं.

"नव्याण्णव बांधावर, एक न्हाय कळपात,
पाचट टोचतंय पायाला, धनी फिरतोय उसात!"

उभ्या उसात शिरलेलं जनावर शोधणं काय असतं, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. मैदान ओरडायला लागलं, "घावलं का? घावलं का रं?" माझ्या मागचा एक गडी तर खुर्चीवर उभा राहून सल्ला द्यायला लागला, "अरं, पलीकडच्या बांधावरनं हाळी मार!" आणि शिमोननं "घावलं!" म्हटलं मात्र, टोप्या काय उडाल्या, शिट्ट्या काय वाजल्या! पहिला नंबर त्याचाच. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायची परीक्षकांची छाती झाली नसती. मी तर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

आम्ही स्टेजमागं गेलो. बक्षिसाची ढाल मिरवत पोरांच्या गराड्यातून येणारा शिमोन तात्यांना बघून जागच्या जागी थबकला. तात्याही थांबले. सवयीनं मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले, आता काय निरोप द्यायचा म्हणून.

तात्यांनी मला हातानं बाजूला केलं.

"मेंढरू घावल्यावर एवढी घाई कशाला केलीस रं?" ते शिमोनला म्हणाले. "तितं जरा थांबायचं. धन्याला त्याला उचलून खांद्यावर तर घेऊ दे."

शिमोन कसंबसं "व्हय तात्या" म्हणाला, आणि ढाल माझ्या हातात कोंबून, सगळ्या पोरांदेखत, बापाच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागला.