सात नंबरचं नाक

ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता झहरान अंगणात बसून खजूर खात होता आणि मनातल्या मनात अल्लाहचे आभार मानत होता, तेवढ्यात सात नंबरचं नाक बोंबललं.

आभार मानायचं झहरानला व्यसनच लागलं होतं, असं त्याची बायको थुरय्या म्हणायची. खजूर गोड लागला की आभार, नळाला पाणी आलं की आभार, थुरय्या रागावली तरी आभार, कारण रागावायला ती समोर होती. सव्वीस वर्षं त्याने घरापासून सहाशे किलोमीटरवर, वाळवंटातल्या तेलविहिरींवर काढली. ज्याची मुलं लहान त्याला ईदची रजा आधी, असा तिथला अलिखित नियम होता. झहरानची मुलं लहान होती तेव्हा इतरांची आणखी लहान होती, आणि त्याची मोठी झाली तेव्हा तो वरिष्ठ झाला. सव्वीस वर्षांत त्याला घरच्या ईदी मिळाल्या फक्त तीन.

मग तेल कंपनीनेच तेलानंतरचे दिवस कसे काढायचे याचा विचार सुरू केला. कारखान्यांच्या धुरातला वायू पाण्यात मिसळायचा आणि ते पाणी सफावा गावाच्या डोंगराखाली, खोल काळ्या-हिरव्या खडकात सोडायचं. तो खडक वायूला असा धरतो की वर्ष-दोन वर्षांत वायूचाच दगड होतो. सफावा म्हणजे झहरानचं स्वतःचं गाव. दोन वर्षांपूर्वी त्याची तिथे बदली झाली आणि तेव्हापासून तो घरी जेवत होता.

गावाला मात्र चेष्टेला विषय मिळाला. "आधी जमिनीतून काढायचा पगार, आता परत पुरायचा पगार," गावच्या बैठकीत, सबल्यात, कॉफी पिताना म्हातारे म्हणायचे. "झहरान, तुला दोन्हीकडून मिळतंय." झहरान हसायचा. खरंच मिळत होतं.

त्याचं काम होतं नाकं सांभाळायचं. पुरलेला वायू चुकून वर आलाच तर हुंगण्यासाठी कंपनीने आजूबाजूला जमिनीत बारा नळ्या रोवल्या होत्या. त्यांना गाव नाकं म्हणायचं, आणि हळूहळू कंपनीतलेही तेच म्हणू लागले. दोन वर्षांत एकही नाक कधी साधं शिंकलंसुद्धा नव्हतं. नियम मात्र कडक होता. कुठल्याही नाकाचा आकडा सलग बारा तास सहाशेच्या वर राहिला, तर वायू पुरायची विहीर बंद आणि परवाना रद्द. परवाना गेला की झहरानची रवानगी पुन्हा वाळवंटात, तीही तिथे जागा असली तर. तिथेही आता माणसं कमी करणं चाललं होतं.

तो तसाच नाकाकडे पळाला. सात नंबरचा आकडा होता नऊशे. त्याने नळी पाहिली, तारा पाहिल्या, आकाशाकडेही पाहिलं. मग वाऱ्याची एक झुळूक आली आणि लवंग-वेलची-लसणाचा मंद वास घेऊन आली. झहरानने हळूच मान वळवली. तीस पावलांवर ओल्या मातीने लिंपलेला खड्डा शांतपणे पडून होता. त्यात निखाऱ्यांवर साठ घरांचं ईदचं मांस पुरून शिजत होतं. शुवा.

हा खड्डा तिथे आणला होता खुद्द झहरानने. गावाचा जुना खड्डा वादीच्या, एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याच्या, पुराने दगडांनी भरून टाकला. ईद तोंडावर आली तेव्हा खड्ड्याचे कारभारी सुलेमानकाका, वय अठ्ठ्याहत्तर, त्याच्याकडे आले. तुम्ही एवढा डोंगर पोखरता, आम्हाला दोन पुरुष खोल खड्डा काढून दे, म्हणाले. गावची जमीन अशी की कुदळ मारली तर कुदळच परत येते. मऊ माती एकाच जागी होती. नाकांच्या तारा पुरायला कंपनीने जो चर खणून बुजवला होता, तिथे. झहरानने आनंदाने जागा दाखवली, खोदायला यंत्रही मिळवून दिलं. नाक जवळ आहे, असं कोणीतरी म्हणालंदेखील. त्यावर तो हसून म्हणाला होता, "आपण मांस पुरतोय. वायू थोडाच पुरतोय?"

आता त्याला आठवलं की मांसाखाली निखारे असतात, निखाऱ्यांतून वायू निघतो, आणि भुसभुशीत चर खड्ड्यापासून थेट नाकापर्यंत जातो. हे सगळं त्याला पगारी शिकवलेलं होतं.

कबूल करायची हिंमत होईना, म्हणून त्याने आधी उपाय केले. डोक्याला गुंडाळलेला मुसर सोडून नळीच्या तोंडाला गच्च बांधला. आकडा तेराशेवर गेला, कारण येणारा वायू आता बाहेरही पडेना. घाईघाईने सोडला. मग खजुराची झावळी तोडून नळीला वारा घालू लागला. आकडा पाचशे नव्वदवर आला. झहरानने मनापासून आभार मानले आणि हात थांबवला. आकडा परत नऊशे. तेव्हा तो खाली मांडी घालून बसला आणि वारा घालतच राहिला.

पाऊण तासाने प्रकल्पाची प्रमुख रय्या आली. एकोणतीस वर्षांची, आणि त्यातली सात वर्षं तिने या खडकाच्या अभ्यासात घातलेली. आपला सगळ्यात विश्वासू माणूस, वय चौपन्न, उघड्या डोक्याने एका नळीला वारा घालतोय, हे दृश्य तिने थोडा वेळ पाहिलं.

"काका, काय करताय?"

"उकडतंय त्याला," झहरान म्हणाला.

रय्याला हसू आलं नाही. तिला घाम फुटला होता, कारण आकडे आपोआप तपासनीस बाईंच्या फोनवरही जात होते. नॉर्वेच्या या सोल्वेगबाई सुट्टी संपली की परवान्याची तपासणी करणार होत्या आणि तोवर शहरातल्या हॉटेलात ईद बघायला उतरल्या होत्या. साडेआठला त्या पोचल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, डोक्यावर मोठी टोपी. आल्या आल्या त्यांनी झहरानच्या हातातून झावळी काढून बाजूला ठेवली आणि घड्याळ पाहिलं. आकडा सकाळी सहा वाजता चढला होता, तेव्हा मुदत संध्याकाळी सहाची. त्याचं वारा घालणं त्यांनी धरलं नाही.

खडकाला भेग गेली असणार, असं रय्या पुन्हा पुन्हा म्हणत होती. दुपारपर्यंत तारा-नळ्या तपासून झाल्या, तेव्हा तिने वही काढली. ती 'खडकातून गळती' असं लिहू लागली, आणि ते झहरानला बघवेना. त्याने तिची लेखणीच धरली.

"खोडून टाक, बेटी. खडकाचा काही दोष नाही. दोष माझा आहे."

त्याने सगळं सांगितलं. रय्या आधी खड्ड्याकडे, मग त्याच्याकडे बघत राहिली. "काका," ती अखेर म्हणाली, "जगात एवढी जागा असताना तुम्ही नाकाखालीच चूल पुरलीत?"

सोल्वेगबाईंचं म्हणणं सरळ होतं. गोष्ट शक्य आहे, पण कागदाला पुरावा लागतो. खड्डा उघडा. सहाच्या आत आकडा उतरला तर गुन्हेगार खड्डा, नाही उतरला तर खडक.

इथे खरी पंचाईत झाली. शुवा दोन रात्री पुरायची असते आणि झाली होती एकच. दुपारच्या नमाजानंतर बातमी कळताच सुलेमानकाका काठी टेकत आले आणि खड्ड्याच्या झाकणावर चक्क बसले. मागोमाग सगळा गाव आला.

"माझ्या बापाने कधी एका रात्रीत उघडला नाही, आजाने नाही," काका म्हणाले. "साठ घरांचं मांस आहे. तुमच्या नळीला सर्दी झाली म्हणून मी गावाला कच्चं घालू?"

झहरानने हात जोडायचे तेवढे जोडले. गाव बघत होता. कोणाला त्याची दया येत होती, कोणाला मांसाची. चार वाजले. तेवढ्यात सोल्वेगबाईंसाठी कॉफीची किटली घेऊन थुरय्या आली. तिने पाहुणीला पेला दिला, काकांना दिला, आणि मग ओढणी सावरून शांतपणे बोलली.

"काका, सव्वीस वर्षांत तेवीस ईदी मी शुवाचा वाटा एकटीने घरी नेला. यांचा भाग बर्फात घालून ट्रकवाल्यांबरोबर वाळवंटात पाठवायचे. तो तीन दिवसांनी पोचायचा. तुम्हीच गाठोडं बांधून द्यायचात, आठवतंय? मला परत बर्फ आणायला लावू नका."

काकांनी कॉफी संपवली, पुरे म्हणून पेला हलवून परत दिला. मग झाकणावरून उठले, गुडघे टेकले आणि लिंपलेल्या मातीला नाक लावून बराच वेळ हुंगत राहिले.

"शिजलंय," ते म्हणाले. "फावडी आणा."

झाकण निघालं तसा आतला कोंडलेला धूर उसळला आणि आकडा एकदम तीन हजारांवर गेला. रय्याने डोळे मिटून घेतले. झावळ्यांच्या गाठोड्यांवर ज्याने त्याने आपली खूण बांधलेली असते, कोणी लाल चिंधी, कोणी तार, कोणी चमचा. एकेक गाठोडं वर आलं, मग निखारे उपसले. पाचला आकडा नऊशेवर होता. साडेपाचला सहाशेच्या खाली आला. पावणेसहाला सात नंबरचं नाक बाकीच्या अकरांसारखं गप्प झालं. रय्या होती तिथेच मातीत बसली आणि रडली. झहरानने तिथेच नमाजाला उभं राहून आभार मानले, आणि या वेळी त्याला व्यसन म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

बाई मात्र काकांना प्रश्न विचारत होत्या. लाकूड किती, कुठलं, कधी पेटवलं, कधी लिंपलं. काकांनी सगळं नमाजाच्या वेळांवरून मिनिटापर्यंत सांगितलं आणि बाईंनी शब्दन् शब्द उतरवून घेतला.

त्या संध्याकाळी गावाने शुवा खाल्ली. ती शिजली होती हे खरं, पण दुसऱ्या रात्रीचा मऊपणा तिच्यात नव्हता. साठ घरांचे जबडे बराच वेळ चालू होते. एकाही माणसाने चकार शब्द काढला नाही. कवळी लावलेले सुलेमानकाका तर एक तुकडा पंधरा मिनिटं चघळत होते आणि झहरान जवळून गेला की म्हणत होते, "लोणी झालंय, पोरा, लोणी." झहरानला ते ऐकून घास गिळवेना. त्याला मांस हे एकच कारण नव्हतं.

दीड महिन्याने निकाल आला. परवाना कायम. बाईंनी लिहिलं होतं की दोन वर्षं नाकं गप्प होती, पण ती वायू नाही म्हणून गप्प आहेत की मेलेली आहेत, हे कोणालाच माहीत नव्हतं. सफावाच्या गावकऱ्यांनी लाकडाचा पक्का हिशेब ठेवून जी चाचणी केली, तिने ती जिवंत असल्याचं सिद्ध झालं. कार्यालय त्यांचं आभारी आहे. मात्र अट एक. ही चाचणी दरवर्षी ईदला त्याच जागी, त्याच लाकडाने करावी. त्या काळात बारा तासांचा नियम लागू नाही. खड्डा पूर्ण दोन रात्री बंद ठेवावा. आणि जबाबदार कर्मचारी झहरान बिन खल्फान यांनी तिन्ही दिवस जागेवर हजर राहावं. रजा मिळणार नाही.

थुरय्याने कागद दोनदा वाचला.

"म्हणजे ईदला परत ड्यूटी लागलीच तुम्हाला."

"लागली," झहरान म्हणाला. डोळे पुसायला त्याने मुसराचं टोक वापरलं.

तिने अंगणाच्या भिंतीवरून खड्ड्याकडे नजर टाकली. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर होतं.

"मग वाटा ट्रकने पाठवू," तिने विचारलं, "की जेवायला चालत याल?"