पाचव्या दिवसाची हवा

या, असे जरा पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेलेही या, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. तिच्यात एका देवमाणसाने सलग चार दिवस बायकोशी, शेजाऱ्यांशी आणि एका प्रामाणिक मिस्त्रीशी लबाडी केली, आणि तरीही देवाने त्याला पदरात घेतलं. कसं, ते ऐका.

माणूस साधा. वाचनालयात नोकरी. ज्यांना जिने उतरून वाचनालयात येणं जमत नाही अशा तेवीस वाचकांना सायकलवरून पुस्तकं पोहोचवायची आणि वाचून झालेली परत आणायची. वळणाआधी, वळणावर आणि वळण संपल्यावर घंटी वाजवायची सवय, म्हणून लहानथोर सगळे त्यांना घंटीकाका म्हणत. वीस वर्षांत एक पुस्तक भिजलं नाही की हरवलं नाही. आणि मग एके दिवशी उतारावर भाजीच्या हातगाडीवरून कोबीचा एक गड्डा सुटला. काकांनी घंटी वाजवली. कोबीने ऐकलं नाही. कोबीला वाचवायला काकांनी हँडल वळवलं, आणि ते समोर उभ्या असलेल्या ट्रकवर जाऊन आदळले.

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, खांद्याजवळचं एका ठिकाणी, आणि शुद्ध आली ती दुसऱ्या दिवशी. मांडीत सळई घालावी लागली. पुढचे आठ महिने खाट, मग वॉकर, मग काठी, मग नुसती भिंत, अशा पायऱ्यांनी गेले. त्या आठ महिन्यांत काकूंनी घरात कोबी येऊ दिला नाही.

भेटायला येईल त्याला काका मात्र उशीवरून सांगत, "डॉक्टरांना हो म्हणू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर दिसलो नाही तर नाव बदला माझं."

अखेर डॉक्टर हो म्हणाले. "हाड आता पहिल्यापेक्षा पक्कं आहे. सोमवारपासून चालवा. राहिली असेल तर मनातली भीती, ती आपोआप जाईल. मागे लागू नका तिच्या." वाचनालयाच्या मुख्य बाईंनीही निरोप धाडला, "या आठवड्यात रुजू झालात तर फेरी तुमचीच. नाहीतर पुढच्या सोमवारपासून फेरी कायमची बंद, आणि तुम्ही टेबलावर, शिक्के मारायला." टेबल वाईट नव्हतं, वर पंखाही होता. पण त्या तेवीस जणांकडे मग कोण जाणार होतं? त्यांतल्या एक निवृत्त शिक्षिका तर रहस्यकथेचा पहिला भाग वाचून आठ महिने खोळंबल्या होत्या. दुसरा भाग अपघाताच्या दिवशी काकांच्या पिशवीत होता आणि अजून त्याच पिशवीत होता.

सोमवारी सकाळी काका खाली उतरले. कोपऱ्यावरच्या सायकल मिस्त्रीने सायकल दुरुस्त करून आरशासारखी पुसून ठेवलेली. काकांनी सीटवर हात ठेवला मात्र, आणि मांडीतली सळई बर्फ झाली. समोर रस्ता मोकळा होता, पण काकांना त्याच्यावरून नुसते कोबी घरंगळताना दिसत होते. वर जाऊन 'भीती वाटते' म्हणायचं तर आठ महिन्यांच्या बढाया आडव्या येत होत्या. इतक्यात त्यांची नजर मागच्या चाकाच्या वॉल्व्हवर गेली. पुढचं सगळं हातांनी केलं, काकांचा त्यात फारसा भाग नव्हता. वॉल्व्हवरची टोपी काढली, खालची चकती सैल केली, फुस्स आवाज झाला, चकती पुन्हा आवळली. ती फुस्स ऐकताना काकांना इतकं हलकं वाटलं की हवा टायरमधून जाते आहे की छातीतून, हेच कळेना.

"अगं, पंक्चर आहे," ते वर येऊन म्हणाले.

"असू दे. चहा घ्या," काकू म्हणाल्या.

काकू घरी शिवणकाम करत. शिलाई यंत्रावरून उठून त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीने ट्यूब काढली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून इंच इंच दाबून पाहिली. एक बुडबुडा नाही.

"काका, ट्यूब ठणठणीत आहे. पण वॉल्व्हची टोपी कुठे गेली?"

"पडली असेल रे," काका म्हणाले.

मंगळवारी पुन्हा तेच, आदल्या दिवशी लावलेली टोपीही गायब. मिस्त्रीने वॉल्व्ह बदलला, नवी टोपी लावली. बुधवारी पुन्हा फुस्स. मिस्त्रीने ट्यूबच नवी घातली. गुरुवारी ती नवी ट्यूबही बसलेली पाहून तो बिचारा घमेल्याशेजारी उकिडवा बसला आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.

"काका, सतरा वर्षं पंक्चरं काढतोय मी. माझ्या वडिलांनी काढली. असं कधी झालं नाही. मला वाटतं, मी दुकान बंद करावं."

"अरे, तुझी चूक नाही."

"मग कुणाची?"

काका घंटी पुसायला लागले. आणि नेमकं तेव्हाच तळमजल्यावरच्या फौजदारसाहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि तपास करायला काहीही न मिळाल्यामुळे त्यांचं वजन वाढलं होतं.

"कुणाची ते मी सांगतो," ते म्हणाले. "हवा जात नाही. हवा काढली जाते."

पाच मिनिटांत साहेब खडू घेऊन खाली आले. चाकाभोवती गोल काढला, जमीन न्याहाळली, सायकलपासून फाटकापर्यंतची पावलं मोजली. चकती आवळलेली पाहून म्हणाले, "सराईत आहे." काका शेजारी उभे राहून मान हलवत होते. सराईत म्हटल्यावर त्यांना, देवा क्षमा कर, थोडंसं बरंही वाटलं.

"इथे रात्रंदिवस कोण असतं?" साहेबांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "रखवालदार."

रखवालदार फाटकाशी स्टुलावर बसून डबा उघडत होता. साठीचा माणूस. हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दिवशी काकांना खुर्चीसकट दोन जिने वर चढवणारा तोच. सायकलकडे कुणी बघितलं तरी हा उठून उभा राहत असे.

"मी कशाला काढीन साहेब हवा? मला सायकल येत पण नाही."

"म्हणूनच. ज्याला येत नाही त्याला दुसऱ्याचं बघवत नाही," साहेब म्हणाले. "उद्या सकाळी पुन्हा हवा गेलेली दिसली तर रखवालदार बदलायचा. मी सगळ्यांशी बोलतो."

रखवालदाराने डबा न खाता झाकण लावलं. काका जिना चढून वर आले खरे, पण प्रत्येक पायरीला ते झाकण लावल्याचा आवाज कानात येत होता. वर फोन वाजत होता. निवृत्त शिक्षिका होत्या.

"घंटीकाका, उद्या येताय ना? मी आता त्या पुस्तकातल्या सगळ्यांवर संशय घेऊन दमले. घोड्यावरसुद्धा घेतला."

"उद्या येतो बाई," काका म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले, कारण त्यात लबाडी नव्हती.

ते देवापुढे जाऊन उभे राहिले. फार काही मागितलं नाही. "माझ्यामुळे त्याचा डबा तसाच राहिला," एवढंच म्हणाले. मग त्यांनी कपाटातून पँट काढली, ती स्वतः इस्त्री केली, घंटी घरी आणून तिला तेल दिलं, दोनदा वाजवून पाहिली, पिशवीत पुस्तकं लावली आणि ताट स्वच्छ करून जेवले. काकू यंत्रावर काज करत हे सगळं बघत होत्या. त्यांचा एक काज वाकडा गेला.

शुक्रवारी सकाळी काका पिशवी खांद्याला लावून, घंटी हातात घेऊन ताठ मानेने जिना उतरले. सायकलपाशी आले, घंटी बसवली, मागच्या चाकाला अंगठा लावला आणि जागीच थिजले.

टायर जमिनीला चिकटलं होतं.

काल मिस्त्रीने हवा भरून नवी टोपी लावलेल्या त्या चाकाकडे काकांनी पाहिलं. मग आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. झोपेत येऊन गेलो की काय, अशीही शंका आली, पण झोपेत आपण घोरतो, चालत नाही, याला काकूंची साक्ष होती. तोवर फौजदारसाहेब खडू घेऊन हजर, मिस्त्री घमेलं घेऊन हजर, आणि वरच्या मजल्यांवरून माणसं डोकावायला लागली.

"झालं समाधान?" साहेब रखवालदाराला म्हणाले. "ती शिट्टी आण इकडे."

रखवालदाराने गळ्यातली शिट्टी काढली. ती दोरीसकट पुढे करताना त्याने काकांकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं.

"थांबा," काका म्हणाले. "हवा मी काढत होतो."

मिस्त्रीच्या हातातल्या घमेल्यातलं पाणी डुचमळलं.

"सोमवारची मी. मंगळवार, बुधवार, गुरुवारचीही मीच. भीती वाटते हो मला. सीटवर हात ठेवला की कोबी दिसतो. सांगायची लाज वाटली म्हणून हवा सोडत गेलो. याने काही केलेलं नाही."

"आणि आजची?" साहेबांनी विचारलं.

"आजची नाही."

"म्हणजे चार गुन्हे कबूल आणि पाचवा नाकबूल?"

"अहो, आज मी जाणारच होतो. इस्त्री बघा पँटची."

साहेबांनी इस्त्री बघितली, पण पुरावा म्हणून धरली नाही. वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, "चार सांगितल्या तशी पाचवीही सांगून टाका काका, कोण काय करतंय तुम्हाला." चार दिवस काका खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी सहज विश्वास ठेवला होता. आज खरं बोलत होते, तर एकालाही पटेना. काकांना रडू यायच्या बेतात होतं.

तेवढ्यात काकू जिन्यावरून खाली आल्या. हातात बटणांचा डबा होता. त्यांनी तो सीटवर ठेवून उघडला. पांढऱ्या बटणांच्या कप्प्यात चार काळ्या टोप्या होत्या, ओळीने मांडलेल्या.

"रोज यांच्या खिशात सापडायची," त्या म्हणाल्या. "खिसे तपासल्याशिवाय माझ्याकडे कपडा पाण्यात जात नाही. सोमवारीच कळलं मला."

"सोमवारी?" काका म्हणाले. "आणि बोलली नाहीस?"

"डॉक्टर म्हणाले होते ना, भीतीच्या मागे लागू नका. म्हटलं, जाईल. रोज देवाला सांगायचे, यांना धीर दे." काकूंनी पदराने नाक पुसलं. "काल यांनी पँटला इस्त्री केली, पोटभर जेवले, तेव्हा कळलं, देवाने दिला. आणि मग माझाच सुटला."

त्यांनी डाव्या हाताची मूठ उघडली. आत पाचवी टोपी होती.

"पहाटे फुलझाडांना पाणी घालायला म्हणून उतरले, आणि..." त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. "चकती आवळायची राहिली बघ माझी. सवय नाही."

मिस्त्रीने वाकून पाहिलं. चकती सैल होती. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा दिवा लावल्यासारखा झाला होता. "म्हणजे माझी ट्यूब चांगली होती," तो म्हणाला. "पहिल्यापासून चांगली होती." आणि आधी तोच हसायला लागला. मग वरचे हसले, मग काकू, मग हुंदका आणि हसू यांच्या मधल्या आवाजात काका.

फौजदारसाहेबांनी खडू खिशात टाकला. "नवराबायको एकाच गुन्ह्यात, एकमेकांना न सांगता," ते म्हणाले. "नोकरीत असतो तर बढती मिळाली असती मला." मग त्यांनी शिट्टीची दोरी स्वतःच्या हातांनी रखवालदाराच्या गळ्यात घातली, घसा खाकरला आणि म्हणाले, "डबा खाल्लास का रे तू?"

मिस्त्रीने हवा भरली. शेवटचे दहा झटके काकूंनी मागून घेतले आणि पंप हातातच ठेवला.

"आता असं करा," त्या म्हणाल्या. "शाळेच्या फाटकाशी एकदा वाजवा. शिक्षिकाबाईंच्या घराशी एकदा. आणि उताराच्या खाली एकदा. सकाळी इथवर ऐकू येतं सगळं. तीन वेळा ऐकलं की मी वर जाईन."

काका सीटवर बसले. काकू कॅरियर धरून मागे पळाल्या, लहान मुलाला शिकवतात तशा, फाटकापर्यंत. तिथे त्यांनी हात सोडला. हात सोडल्याचं काकांना कळलंसुद्धा नाही. ते पेडल मारत होते, सळई पायाबरोबर वर-खाली होत होती, आणि रस्ता नुसता रस्ता होता.

फाटकाशी सगळे कान देऊन उभे. पहिली घंटी आली. थोड्या वेळाने दुसरी. लगेच काकूंचा फोन वाजला. शिक्षिका होत्या, "पुस्तक मिळालं. त्यांना म्हणावं, आता दोन दिवस माझ्या दारात घंटी वाजवू नका, मी वाचत असेन."

आणि मग काहीच नाही. पाच मिनिटं झाली. दहा झाली. फौजदारसाहेब घड्याळ बघेनासे झाले. रखवालदार उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिला. काकूंनी पंप दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि ओठ हलत होते. अखेर मिस्त्री म्हणाला, "मी बघून येतो," आणि त्याने पायात चप्पल अडकवली, इतक्यात उताराकडून आवाज आला. एकदा नाही. वळणाआधी, वळणावर आणि वळण संपल्यावर.

काका हळूहळू येऊन फाटकाशी उतरले. चेहरा घामाने निथळत होता.

"एवढा वेळ कुठे होता?" काकूंनी विचारलं.

"हातगाडीपाशी थांबलो होतो," काका म्हणाले, आणि त्यांनी पिशवीत हात घालून कोबीचा एक भलाथोरला गड्डा बाहेर काढला. "म्हटलं, हा पुन्हा सुटायच्या आत घेऊनच यावा."

काकूंनी तो पदरात घेतला आणि जिना चढायला लागल्या, आणि काका उरलेल्या वाचकांकडे निघाले. त्या दुपारी घरात आठ महिन्यांनी कोबी शिजला, आणि पहिली वाटी खाली रखवालदाराकडे गेली.

तर मंडळी, उद्या सकाळी तुमच्या रस्त्यावरून कुणी काही कारण नसताना घंटी वाजवत गेलं, तर रागावू नका. कुठल्यातरी फाटकाशी हातात पंप घेऊन कुणीतरी ती घंटी मोजत उभं असेल. तेवढी त्या मोजणारीची आठवण ठेवा.