तळाशी तरंगणारा आंबा

बादली एक, पाऊण भरलेली. नारळ एक, तारोचा कंद एक, दगड एक, आंबा एक. आणि चटयांवर मांडी घालून बसलेली एकतीस मुलं. लोसाने सगळं दोनदा मोजलं. सामोआच्या अध्यापक विद्यालयातला तिचा हा शेवटचा परीक्षेचा पाठ. हा बिघडला की वर्ष गेलं!

पण बिघडेलच कसा? कालच तिने वर्गात रंगीत तालीम घेतली होती. काय बुडतं, काय तरंगतं, मुलांना पाठ!

"अगं, सगळ्याच घेतात," मैत्रीण फेतू म्हणाली होती.

परीक्षक लेआवासा बाई मागे बसून विणलेल्या पंख्याने वारा घेत होत्या. फळ्यावर लोसाच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'जे दिसेल तेच सांगायचं.'

"मुलांनो, आता मला सांगा..."

"नारळ तरंगेल!" सेफो ओरडला. "तारो बुडेल! दगड बुडेल! आंबा तरंगेल!"

"हुशार आहेत हो," लेआवासा बाई म्हणाल्या. "प्रश्नाची वाटसुद्धा बघत नाहीत!"

नारळ, तारो, दगड यांनी इमानाने साथ दिली. मग आंबा. कालचा कच्चा होता. तालमीनंतर वर्गाने तो मीठ लावून फस्त केला होता. आजचा मावशीच्या झाडाचा, पिकून पिवळाधमक. लोसाने तो सोडला आणि तो थेट तळाला जाऊन निवांत पडला!

"क... काय झालं?"

"तरंगला!" तीस गळे एका सुरात.

"झकास तरंगला, बाई!" सेफोने भर घातली.

लेआवासा बाई उठून बादलीत डोकावल्या. "तरंगला?"

"हो!"

"नाही, खाली बसलाय," काल तापामुळे न आलेली मालिआ म्हणाली.

"गप गं!" सेफो कुजबुजला, पण पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा. "तरंगला म्हणायचं ठरलंय!"

लोसाला बादलीतल्या दगडाचा हेवा वाटला. पाण्यातच काहीतरी गडबड आहे, असं सांगायला तिने तोंड उघडलं आणि नजर फळ्यावर गेली.

"काल तालीम घेतली होती, बाई," ती म्हणाली. "तो आंबा कच्चा होता. आम्ही खाल्ला."

पंखा थांबला. "या आठवड्यातला हा सहावा तालमीचा पाठ. कबूल करणारी तू पहिली." बाईंनी पिशवीतून आपलं जेवणानंतरचं संत्रं काढून पाण्यात टाकलं. ते तरंगलं. मग त्यांनी ते सोललं. "आता? विचार मुलांना. आणि तूही सांग."

"हे तालमीत नव्हतं!" सेफो कळवळला.

लोसालाही माहीत नव्हतं. साल गेली, वजन घटलं, म्हणजे तरंगणारच! तिने तसं ठामपणे सांगितलं. बाईंनी सोललेलं संत्रं सोडलं. ते बुडालं.

एकूण अंदाज बत्तीस, लोसाचा धरून. बरोबर चार. पाठाला गुण शंभरापैकी एक्कावन्न. पास व्हायला पन्नास लागतात.